पांढऱ्या कपड्यावर शाई सांडली? आधी पेन कोणतं ते विचारा

वाचकांचं पत्र:

‘माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात बॉलपेन फुटलं. मी रागावेन म्हणून त्यानं शर्ट धुण्याच्या कपड्यांच्या तळाशी दडवला. दोन दिवसांनी तो माझ्या हाती लागला. दूध लावून पाहिलं, लिंबू-मीठ चोळलं, टूथपेस्ट लावली, पण डाग पसरून वाटीएवढा झाला. सासऱ्यांच्या खादीच्या नेहरू शर्टावर शाईच्या पेनाचे डाग होते. तिथे ब्लीच लावलं तर निळा रंग गेला आणि तांबूस-पिवळे डाग उरले. सासरे तो शर्ट टाकू देत नाहीत. मुलीच्या पांढऱ्या ओढणीवरही काळ्या जेल पेनाची रेघ आहे. आधी काय करू? मुलाला मी खूप बोलले, तेही मनाला लागून राहिलंय.’
– एक वाचक, कराड

प्रिय ताई,

सगळ्यात आधी तिन्ही कपडे आहेत तसे बाजूला ठेवा. इस्त्री नको, गरम पाणी नको आणि ब्लीच तर अजिबात नको. घाईत केलेल्या पुढच्या उपायानं बिघडू शकतं, नुसतं ठेवून दिल्यानं आता फारसं काही बिघडणार नाही. तुमच्या तीन कपड्यांवर तीन वेगळ्या जातीची शाई आहे. एकीला जे औषध, ते दुसरीला अपाय करतं, म्हणून तिन्हींचा विचार वेगवेगळा करू.

दूध आणि लिंबू-मीठ लावलंत म्हणून स्वतःला दोष देऊ नका. हे उपाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत आणि त्या काळच्या शाईवर ते खरोखर चालायचे. जुनी निळी-काळी शाई मायफळ किंवा हिरड्यासारख्या तुरट पदार्थात हिराकस घालून तयार व्हायची. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. लोह आणि तुरट रस एकत्र आले की काळा रंग धरतो. लोखंडी विळीवर आवळे चिरताना पातं आणि बोटं काळी पडतात, ती हीच क्रिया. असा लोहाचा डाग आंबट पदार्थानं सुटतो. लिंबू त्यावर काम करायचं, आंबट ताकही करायचं. आपल्या आज्यांनी शाईच्या डागावर ताक चोळलं ते उगाच नव्हतं.

पुढे शाई बदलली. लाझ्लो बिरो या हंगेरियन माणसानं १९३८ साली बॉलपेनाचं पेटंट घेतलं आणि त्यानंतरच्या काही दशकांत ते जगभर पसरलं. बॉलपेनातली शाई दाट, तेलकट असते. रंग पाण्यात न घालता संथपणे सुकणाऱ्या द्रावकांमध्ये विरघळवलेला असतो. त्यात लोह नाही, त्यामुळे लिंबाला धरायला काही मिळत नाही. पाण्याला ती दाद देत नाही, दुधाला फारशी देत नाही आणि टूथपेस्ट नुसती वरवर घासते. चोळण्यानं मात्र ती धाग्यांमध्ये आणखी आत जाते. तुमच्या मुलाच्या शर्टावर नेमकं हेच झालं आहे.

बॉलपेनाची शाई सुटते ती स्पिरिटमध्ये. मेडिकलच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळतं, ते आणा. घरात करोनाच्या काळातला सॅनिटायझर पडून असेल तर तोही चालेल, फक्त लेबल वाचा. त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल हवं आणि तो बिनरंगाचा हवा. जेलसारखा घट्ट सॅनिटायझर जागच्या जागी राहतो, त्यामुळे बारीक डागाला तो सोयीचा. हेअरस्प्रे आणि डिओच्या नादी लागू नका. हेअरस्प्रेमध्ये पूर्वी अल्कोहोल भरपूर असायचं, म्हणून त्याचं नाव झालं. पण त्यात केस बसवणारा चिकट पदार्थ असतो, तो कापडावर राहतो आणि मग तोही काढत बसावं लागतं.

आता खिसा. खिशाच्या डागात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: तिथे कापडाचे दोन थर असतात. वरून कितीही पुसलं तरी निघालेली शाई खालच्या थरात उतरते, आणि तिथून पुन्हा वर येते. म्हणून खिशाच्या तळाची शिवण सात-आठ सेंटीमीटर उसवा. पाच मिनिटांचं काम आहे, नंतर मशीनवर एक टीप मारली की झालं. खिसा मोकळा झाला की दोन्ही थर वेगळे हाताळता येतात. खिशाच्या तळात शाईचा सुकलेला गोळा बसलेला असेल तर तो आधी चमच्याच्या कडेनं खरवडून टाका. नाहीतर स्पिरिट लागताच तो सगळा विरघळून पसरेल.

कापड कोरडं असू द्या. ओल्या कापडावर स्पिरिट पातळ होतं आणि त्याचा जोर जातो. आधी शर्टाच्या आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही अशा ठिकाणी, एक थेंब लावून पाहा. शाळेचे शर्ट बहुतेक टेरिकॉटचे असतात, त्यांना स्पिरिटनं काही होत नाही, पण खिशावर शाळेचं चिन्ह छापलेलं असेल तर त्याचा रंग सुटू शकतो. भरतकाम असेल तर त्याच्या रंगीत धाग्यावरही थेंब टाकून पाहा.

मग जुनं पांढरं सुती कापड, धोतराचा तुकडा असेल तर उत्तमच, चार-पाच घड्या करून पाटावर ठेवा. शर्टाचा डाग त्यावर पालथा घाला, म्हणजे शाई पडलेली बाजू खाली. आता मागच्या बाजूनं, डागाच्या कडेकडून मध्याकडे येत, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं टिपत राहा. घासू नका. शाई विरघळून खालच्या कापडात उतरेल. तिथे निळा ठसा दिसला की कापड सरकवून कोरी जागा घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. एकाच जागेवर टिपत राहिलं तर निघालेली शाई परत शर्टातच मुरते आणि उपाय करूनही काही झालं नाही असं वाटतं. कापसाचा बोळाही सारखा बदला. तुमचा डाग वाटीएवढा आहे, तर पाऊण-एक तास लागेल असं धरून बसा. बाटलीभर स्पिरिटही संपेल.

दोन दिवस मुरलेला आणि वरून लिंबू-मीठ चोळलेला डाग आहे, म्हणून सुरुवातीला शर्ट साध्या पाण्यात नीट खळबळून पूर्ण वाळवा, मग डागावर ग्लिसरीन बोटानं लावून अर्धा तास ठेवा. सुकलेली शाई त्यानं मऊ होते. ग्लिसरीन टिपून घेतल्यावर स्पिरिटचं काम सुरू करा.

हे काम करताना खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस, समई, उदबत्ती, काहीही पेटलेलं नको. स्पिरिट चटकन पेट घेतं. मुलाला शेजारी बसवून दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण बाटली तुमच्याच हातात राहू द्या.

निळा गडदपणा गेला की बहुधा फिकट जांभळट छटा उरेल. निळ्या बॉलपेनात बरेचदा जो जांभळा रंग असतो, तोच पूर्वी तोंड आल्यावर लावायच्या जेन्शन व्हायोलेट या औषधात असायचा. हट्टी रंग आहे, पण तो जातो. शर्ट आधी भरपूर साध्या पाण्यात खळबळून स्पिरिटचा वास पूर्ण घालवा. मग भांडी घासायचा पातळ साबण डागावर लावून दहा मिनिटं ठेवा, धुवा. त्यानंतर डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर कोमट पाण्यात विरघळवून शर्ट त्यात तासभर भिजवा. पाकिटावर सोडियम परकार्बोनेट असं लिहिलेलं असतं. प्रमाण पाकिटावरचंच घ्या. टेरिकॉटला ही पावडर चालते, लोकर आणि रेशीम यांना मात्र कधीही वापरू नका. वाळल्यावर उजेडात पाहा. छटा दिसत असेल तर पुन्हा एकदा भिजवा. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री नाही आणि नीळही नाही. नीळ घातली की छटा झाकली जाते आणि डाग खरंच गेला का ते कळत नाही.

आता सासऱ्यांचा नेहरू शर्ट. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून यातलं बरंच कळलं: ब्लीचनं निळा गेला आणि तांबूस उरला. म्हणजे त्यांच्या पेनातली शाई जुन्या पद्धतीची, लोहाची असणार. ब्लीचनं त्यातला रंग तोडला, पण लोह कापडातच राहिलं आणि त्याचा गंज झाला. आता तुमच्यासमोर शाईचा डाग नाहीच, गंजाचा डाग आहे. खात्री करायची असेल तर एका डागाच्या कडेला लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि पाव तास थांबा. कड फिकी झाली तर लोहच आहे.

त्या आधी एक गोष्ट फार गंभीरपणे सांगते. शर्टात ब्लीचचा अंश असताना त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा कोणताही आंबट पदार्थ पडता कामा नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि तो घसा-छातीला घातक असतो. हाच धोका ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड एकत्र केल्यानं होतो. ब्लीच आणि स्पिरिटही एकत्र येऊ देऊ नका, त्यातूनही विषारी पदार्थ तयार होतात. म्हणून शर्ट तीन-चार पाण्यांतून काढा, वास पूर्ण गेला का पाहा, उन्हात वाळवा आणि मगच लिंबाच्या थेंबाची परीक्षा घ्या.

आता लिंबूसत्त्व आणा, किराणा दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. काचेच्या वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात दोन चमचे विरघळवा. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको. डागाचा भाग त्यात बुडवून अर्धा तास ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. डाग हळूहळू फिका होत जातो, त्यामुळे तीन-चार वेळा करावं लागलं तरी चिकाटी सोडू नका. मात्र दोन गोष्टी सांभाळा. आंबट पाणी कापडावर वाळू देऊ नका. सुती धागा त्यानं कमजोर होतो आणि वर इस्त्री फिरली तर पुढे तिथेच फाटतो. आणि हा शर्ट ब्लीचनं आधीच थोडा अशक्त झालेला आहे, तेव्हा पिळू नका. तळहातांमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पसरून वाळवा.

मुलाच्या शर्टासाठी सांगितलेली ऑक्सिजनवाली पावडर इथे लगेच वापरायचा मोह होईल. थांबा. कापडात लोह असताना ती वापरली तर लोहाच्या जागी क्रिया फार जोरात होते आणि कापडाला बारीक भोकं पडू शकतात. तांबूसपणा पूर्ण गेला, साध्या साबणानं एकदा धुवून झालं, की मग हवी तर वापरा. ड्रायक्लीनरकडे यासाठी ऑक्झॅलिक अॅसिड असतं, ते गंजावर लिंबूसत्त्वापेक्षा जास्त जोरदार आहे. पण ते विषारी आहे, घरात मुलं असताना आणू नका. चार वेळा करूनही डाग राहिला तर शर्ट त्यांच्याकडे द्या आणि देताना ‘शाई होती, ब्लीच लावलंय, मग लिंबूसत्त्व लावलंय’ हे तिन्ही सांगा. माहिती दडवली तर तेही चुकीचा उपाय करतील.

सासऱ्यांच्या आग्रहाबद्दल एक शब्द. ज्या पिढीनं शाईची पूड आणि वड्या पाण्यात कालवून दौती भरल्या, तिच्यासाठी शाईचं पेन ही रोजची जिव्हाळ्याची वस्तू आहे. मुंबईत दांडेकरांनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली, आणि महाराष्ट्रातल्या किती घरांची अक्षरं त्या शाईवर घडली. त्यांना पेन सोडायला सांगू नका. एवढंच सुचवा की उन्हाळ्यात ते अर्धवट भरलेलं पेन खिशात ठेवू नये. अंगाच्या उष्णतेनं आतली हवा प्रसरण पावते आणि शाई बाहेर ढकलते. पूर्ण भरलेल्या पेनात हवा कमी, म्हणून ते कमी गळतं. आणि ठेवताना निब वर हवी. रोजच्या लिहिण्यासाठी धुतल्यावर निघणारी निळी शाई मिळते, तिचा डाग गार पाणी आणि साबणानं बराचसा जातो. ती त्यांना आवडली तर दोघांचंही काम सोपं होईल.

ओढणीच्या बाबतीत तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. काळ्या जेल पेनात बरेचदा विरघळलेल्या रंगाऐवजी काजळीसारखे कार्बनचे अतिसूक्ष्म कण असतात. कार्बन स्पिरिटमध्ये विरघळत नाही, ब्लीचनं उडत नाही. पेशवे दफ्तरातले मोडी कागद काजळीच्या शाईनं लिहिलेले, म्हणूनच ते इतक्या वर्षांनंतरही काळेभोर वाचता येतात. कागदाला जे वरदान, ते ओढणीला जड जातं. हे कण यांत्रिक रीतीनंच, म्हणजे साबणाच्या फेसानं उचलून काढावे लागतात. पातळ साबण आणि मऊ टूथब्रश घेऊन धाग्याच्या दिशेनं हलकेच घासा, धुवा, पुन्हा करा. एकदा स्पिरिटही टिपून पाहा, पेनात कार्बनऐवजी साधा रंग असेल तर त्यानं फरक पडेल. राखाडी सावली उरली तर ती तशीच राहील. ओढणी सुती असेल तर आवडीच्या रंगात रंगवून घेणं हा चांगला मार्ग आहे, आणि मुलीला रंग निवडू द्या.

याच आठवड्यात आणखी काही वाचकांनी इतर डागांबद्दल विचारलं आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात: परमनंट मार्कर आणि व्हाइटबोर्ड मार्करवर स्पिरिटच, बॉलपेनासारखंच. शिक्क्याच्या पॅडच्या शाईला आधी पातळ साबण, कापड धुवून वाळलं की मग स्पिरिट. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अॅसिटोननंही बॉलपेन निघतं, पण त्यानं प्लास्टिकचं बटण विरघळू शकतं आणि अॅसिटेटचं अस्तर तर वितळतंच. म्हणून तो माझा पहिला उपाय कधीच नसतो. मतदानाच्या शाईचा डाग यांपैकी कशानंही जात नाही. १९६२ पासून वापरात असलेली, म्हैसूरला तयार होणारी ही शाई सिल्व्हर नायट्रेटची असते, उजेडात त्यातली चांदी काळी होते. निवडणुकीच्या ड्युटीवर जाणाऱ्या शिक्षकांनी त्या दिवशी पांढरे कपडे टाळलेलेच बरे.

आता मुलाबद्दल, ताई. तुम्ही रागावलात, कारण नव्या शर्टाचे पैसे आणि रोजची धुण्याची दगदग दोन्ही तुमच्याच वाट्याला आहे. त्या रागाची मला पूर्ण कल्पना आहे. पण पाहा, डाग पडल्या दिवशी शर्ट तुमच्या हातात आला असता तर तो अर्ध्या तासात निघाला असता. भीतीनं तो दोन दिवस मुरला. त्याला जवळ घेऊन सांगा की मी जास्त बोलले, मला वाईट वाटतंय. आणि सोबत एक पक्की गोष्ट ठरवा: शाई सांडली की पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही, टिशू किंवा रुमाल त्यावर नुसता दाबून धरायचा, आणि घरी येताच सांगायचं. सांगितल्यावर ओरडा बसणार नाही हा शब्द द्या आणि पाळा. पुढच्या वेळी शर्ट वाचवायला तो तुमचा सगळ्यात मोठा उपाय ठरेल. त्याला दप्तरात एक छोटं पाऊच द्या आणि पेन त्यात ठेवायला लावा. सहावीतल्या मुलाच्या खिशात पेन असण्याची काही गरज नाही.

क्रमानं जायचं तर आधी मुलाचा शर्ट घ्या, कारण शाळेला तो लागणार आहे आणि बॉलपेनाचा डाग जितका जुना तितका चिवट. ओढणी एखाद्या दुपारी होऊन जाईल. सासऱ्यांच्या शर्टाची घाई नाही, पण आता तो फक्त लिंबूसत्त्वाचा शर्ट आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे कुणी चांगल्या हेतूनं त्यावर पुन्हा ब्लीच ओतणार नाही.